बाटली दिली, पण प्यायली का?

(दृश्य: वॉर्डातला पलंग. शेजारच्या कपाटावर उघडी बाटली.)

ही बाटली सकाळची. आत पूरक पेय: जेवण कमी पडणाऱ्या रुग्णाला जास्तीची ऊर्जा आणि प्रथिनं देणारं. २०० मिलिलीटरमधले जेमतेम चार घोट कमी झालेत. तक्त्यावर मात्र नोंद आहे: 'पूरक पेय दिले.'

अशा बाटलीत साधारण ३०० किलोकॅलरी असतात. कुपोषित ज्येष्ठांना या पेयांतून रोज किमान ४०० किलोकॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, तीही निदान महिनाभर, असं युरोपातल्या पोषणतज्ज्ञांची मार्गदर्शिका सांगते. म्हणजे एक बाटली पुरत नाही, आणि इथे तर एकही संपलेली नाही.

एवढी निकड का? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं. त्यांच्या पायांचं मांस जवळपास एक किलोनं घटलं. आणि ती माणसं निरोगी होती.

न पिण्याची कारणं रुग्णालाच विचारा. गोडमिट्ट लागतं. तोंड कोरडं पडलंय. आत्ताच जेवलो. आणि हळूच, ओशाळून: झाकण उघडत नाही.

(दृश्य: सांधे सुजलेली बोटं झाकणाशी झटताहेत.)

वॉर्डात याला 'रुग्ण नकार देतो' म्हणतात. नकार कसला? बाटली उघडून हातात द्यायला कुणी नव्हतं, एवढंच.

बाकीचे उपाय छोटे आहेत. पेय गार करून द्या. गोडवा कमी जाणवतो. ग्लासात ओता. रोज एकच चव नको. जेवणाच्या तोंडावर देऊ नका, दोन जेवणांच्या मध्ये द्या. पोट लगेच भरत असेल तर १२५ मिलिलीटरमध्ये तेवढीच ऊर्जा असलेली दाट पेयंही मिळतात. काही ठिकाणी गोळ्यांच्या वेळी ५०-६० मिलिलीटर देतात. त्यानं एकूण आहार वाढतोच असं नाही, पण निदान परिचारिका समोर उभी असते!

पिताना ठसका लागला तर थांबा. आधी गिळण्याची तपासणी. आणि बरेच दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला एकदम भरपूर देणं धोक्याचं. रक्तातलं फॉस्फेट, म्हणजे शरीराला लागणारा एक क्षार, झपाट्यानं घसरू शकतं. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवायचं.

स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत, २,००० हून अधिक रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आहारतज्ज्ञांनी ज्यांच्यासाठी वैयक्तिक आखणी केली, त्यांच्यात ३० दिवसांतले मृत्यू ७.२ टक्के होते. नेहमीचं रुग्णालयीन जेवण घेणाऱ्यांत ९.९ टक्के. आखणीत पूरक पेयं होती, पण नुसती पेयं नव्हती. प्रत्येकाचं लक्ष्य ठरलेलं होतं आणि ते गाठलं जातंय का, हे पाहिलं जात होतं.

(दृश्य: घरी जाण्याची तयारी. मुलीच्या हातात कागद.)

या कागदावर गोळ्यांची नावं आहेत, वेळा आहेत. पेयाची ओळ नाही. रोज किती, कधीपर्यंत, पुन्हा वजन केव्हा करायचं, हे तिनं विचारलं. आता डॉक्टर ती ओळ लिहिताहेत.