धुराचा कायदा आणि बदकांचं पाणी

नमस्कार श्रोतेहो. भाताची झोडणी आटोपली की कोकणात पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात. वर्षभर तो गुरांना पुरवून घालायचा असतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो खोऱ्यात भात होतो सुमारे 5 लाख एकरांवर, पण त्या पेंढ्याला गिऱ्हाईक नाही. शेतकरी तो शेतातच पेटवून देत. धुराने शहरं हैराण झाली, आणि 1991 साली राज्याने कायदा करून ही जाळपोळ टप्प्याटप्प्याने कमी करायला लावली. मग पेंढ्याचं करायचं काय? कापणीनंतर शेतात पाणी सोडायचं आणि थंडीभर तो कुजू द्यायचा, ही वाट बऱ्याच जणांनी धरली.

कायदा झाला धुरासाठी, फावलं पक्ष्यांचं! कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातल्या 90 टक्क्यांहून अधिक पाणथळ जागा केव्हाच नाहीशा झाल्या आहेत. अलास्का-कॅनडाकडून थंडीला उतरणाऱ्या हिमहंसांना, तलवार बदकांना हे आयतंच पाणी मिळालं. तलवार बदक म्हणजे हिवाळ्यात आपल्या जायकवाडीवर दिसतं तेच. आपल्याकडे ते उत्तर आशियातून येतं, एवढंच. सांडलेला दाणा टिपताना ही पाखरं पेंढा तुडवतात, त्यामुळे तो लवकर कुजतो, असं तिथल्या संशोधकांना दिसलं. शेतकऱ्याला फुकटचे मजूरच की हे!

चिखलात चोच खुपसणाऱ्या तुतारी पक्ष्यांचं मात्र अडतं. त्यांना हवं जेमतेम घोटाभर पाणी, आणि परतीच्या प्रवासात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, शेतकरी नेमकं तेव्हाच शेत सुकवायला घेतो. 2014 पासून नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने उलटा लिलाव सुरू केला. शेत आणखी काही आठवडे ओलं ठेवायचे किती घेणार, ते शेतकऱ्याने सांगायचं. दर आणि जागा पाहून संस्था निवड करणार. कुठे, कधी पाणी हवं हे ठरवायला हौशी पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर केलेल्या नोंदी कामी आल्या. जमीन विकत घेत बसण्यापेक्षा हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

पण सगळी मदार पाण्यावर. 2022 च्या दुष्काळात तिथल्या जवळपास निम्म्या जमिनीत भात लागलाच नाही, आणि थंडीत शेतं भिजवायलाही पाणी तुटपुंजं होतं. अशा वर्षी थवे उरल्यासुरल्या पाण्यावर दाटीने बसतात, आणि त्या दाटीत बदकांमध्ये रोग झपाट्याने पसरतो.