हेतू गाळलेलं कलम

(दृश्य: ठाणे, कोर्ट नाका. सकाळची गर्दी. काळे कोट, झेरॉक्सची दुकानं, टायपिंगची टेबलं.)

या नाक्यावर फौजदारी वकिली करणाऱ्या कुणालाही कलम 298 विचारा. भारतीय दंड संहितेतलं, 1860 सालचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत त्याचा आकडा 302 झाला. कुणाच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने, जाणूनबुजून, त्याला ऐकू जाईल असं बोलणं किंवा त्याच्यासमोर हावभाव करणं, हा गुन्हा. जास्तीत जास्त एक वर्ष कैद. जामीन हक्काने मिळतो. फिर्यादीशी तडजोडही करता येते.

फाळणीनंतर हीच संहिता पाकिस्तानातही चालू राहिली. आकडेही तेच. मग 26 एप्रिल 1984 रोजी जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीत वटहुकूम क्रमांक 20 निघाला आणि 298 ला दोन कलमं जोडली गेली: 298-बी आणि 298-सी. ही दोन्ही एकाच समाजासाठी आहेत. तो समाज म्हणजे अहमदी.

अहमदिया पंथाची स्थापना 1889 ची, पंजाबात कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी केलेली. अनुयायी स्वतःला मुसलमान मानतात, कलमा, म्हणजे श्रद्धेची ग्वाही, तोच वाचतात. मिर्झासाहेबांच्या नबी, म्हणजे प्रेषित, असण्याच्या दाव्यावरून इतर मुसलमानांशी त्यांचा मूलभूत मतभेद आहे. धर्मशास्त्रातला वाद धर्मशास्त्रात चालू द्या, त्यावर बोलायचा आमचा अधिकार नाही. पण 1974 मध्ये पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून त्यांना बिगरमुस्लिम ठरवलं, आणि दहा वर्षांनी त्या ठरवण्याला तुरुंगाची जोड दिली.

298-बी प्रमाणे अहमदी माणसाने आपल्या प्रार्थनास्थळाला ‘मशीद’ म्हणायचं नाही. नमाजसाठी बोलावताना त्या हाकेला ‘अजान’ म्हणायचं नाही, किंवा अजान द्यायची नाही. 298-सी प्रमाणे स्वतःला मुसलमान म्हणवायचं नाही, श्रद्धेचा प्रचार करायचा नाही. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात, आणि गुन्हा अजामीनपात्र.

(दृश्य: दोन मजकूर शेजारी शेजारी. ‘हेतू’ या शब्दाखाली रेघ.)

आता दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा. 298 मध्ये सरकारी वकिलाला आरोपीचा हेतू शाबीत करावा लागतो. 298-सी च्या शेवटी शब्द येतात: ‘कोणत्याही प्रकारे’ मुसलमानांच्या धार्मिक भावना भडकवणारा. हेतूची अट उरलेलीच नाही. शब्द कोणता उच्चारला यापेक्षा तो कुणाच्या तोंडून आला, यावर गुन्हा ठरतो.

(दृश्य: ठाण्यातली राबोडी. छोटा छापखाना. लग्नपत्रिकेवरची सोनेरी शाई.)

राबोडीतल्या छापखान्यात निकाहची पत्रिका छापायला टाकली की सगळ्यात वर ‘बिस्मिल्लाह’ येतं. खाली सलाम. तारखेच्या आगेमागे ‘इन्शाअल्लाह’. मजकूर जुळवणारा याकडे दोनदा बघतही नाही. 1992 मध्ये पाकिस्तानातल्या नानकाना साहिब इथे एका अहमदी घरच्या पत्रिकेवर हेच शब्द छापले गेले, आणि गुन्हा नोंदला गेला. लग्नघरातली माणसं जामिनासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत होती. लाहोर उच्च न्यायालयाने जामीन नाकारला, तो सर्वोच्च न्यायालयात मिळाला.

खटला उभा कसा राहतो, ते पाहू. फिर्यादी बहुतेक वेळा शेजारी नसतो, अशा तक्रारी करणाऱ्या गटाचा माणूस असतो. 298-सी ला जोडून 295-बी लावलं, म्हणजे कुराणाच्या विटंबनेचा आरोप केला, की शिक्षा जन्मठेपेवर जाते. 295-सी लावलं, म्हणजे पैगंबरांच्या अवमानाचा, तर फाशीवर. आरोप टिकेल की नाही, हा पुढचा प्रश्न. कलम जड झालं की खालचं कोर्ट जामिनाला हात लावत नाही, बाहेर जमाव उभा असतो, आणि माणूस कच्चा कैदी म्हणून आत राहतो.

एका खटल्याचा हिशेब मांडू. आरोप असा की 2019 मध्ये अहमदी पंथाचं कुराणभाष्य वाटलं. पाकिस्तानच्या पंजाब प्रांताच्या कायद्यात अशा वाटपाला गुन्हा ठरवणारी दुरुस्ती आली 2021 मध्ये. अटक झाली जानेवारी 2023 मध्ये. 6 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिलं की 2019 मध्ये हा गुन्हाच नव्हता, आणि लागू शकेल अशा कलमाची कमाल शिक्षा सहा महिने आहे. आरोपीने तोवर तेरा महिने काढले होते. आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेपलीकडे एक दिवसही ठेवू देत नाही. तिथे निकालावरच मोर्चे निघाले, आणि 22 ऑगस्ट 2024 रोजी न्यायालयाने त्यातले काही परिच्छेद वगळले.

1993 मध्ये याच न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी वटहुकूम वैध ठरवला होता. युक्तिवादात ट्रेडमार्कचा कायदा आणला गेला: दुसऱ्याच्या मालाचं नाव जसं वापरता येत नाही, तशाच या धर्माच्या संज्ञा. श्रद्धेचा शब्द म्हणजे बाटलीवरचं लेबल नव्हे. आम्हाला हा युक्तिवाद पटत नाही.

बकरी ईदला तर गुन्हा घडण्याचीही वाट पाहिली जात नाही. 2024 मध्ये चकवाल जिल्ह्यात कुर्बानी होऊ नये म्हणून अहमदींना सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्याखाली 30 दिवसांच्या स्थानबद्धतेत टाकलं गेलं.

(दृश्य: पुन्हा कोर्ट नाका. संध्याकाळ, टेबलं आवरली जात आहेत.)

भारतात 298-सी सारखं कलम नाही. डिसेंबर 1970 मध्ये केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अहमदी हे कायद्याच्या दृष्टीने मुसलमानच आहेत, असा निकाल दिला. तरी आंध्र प्रदेशच्या वक्फ बोर्डाने ठराव करून त्यांना काफिर ठरवलंच. जुलै 2023 मध्ये केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने राज्याच्या मुख्य सचिवांना पत्र पाठवून कळवलं, की कुणाची धार्मिक ओळख ठरवण्याचा अधिकार वक्फ बोर्डाला नाही.