प्रश्न काढणारी पोरं

(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पुढच्या रांगांत मिहान, काटोल रोड आणि शहरातल्या इतर व्यवस्थापन संस्थांमधली मुलंमुली बसली आहेत. मागे धरमपेठ, महाल, सक्करदऱ्यातून आलेली आपली नागपूरकर मंडळी आहेत. मला दोघांशीही बोलायचं आहे, म्हणून मागच्यांना जे नवं आहे ते मी थोडं सोडवून सांगेन. पुढच्यांनी तेवढा धीर धरावा.

गेली बरीच वर्षं मी कॉलेजांमधून क्विझ घेतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि आज तेच मांडायला आलो आहे. बिझनेस स्कूलमधल्या मुलाला क्विझ जिंकून जेवढं मिळतं त्याहून कितीतरी जास्त क्विझचे प्रश्न काढून मिळतं. आणि नागपुरात राहून प्रश्न काढायचे असतील तर त्यासाठी लागणारा माल आपल्या दाराशी पडलेला आहे.

आधी थोडा इतिहास. आपल्या देशात खुली क्विझ रुजली ती कलकत्त्यात. १९६७ साली नील ओब्रायन यांनी तिथल्या ख्राइस्ट द किंग चर्चच्या सभागृहात पहिली क्विझ घेतली. १९७२ पासून हमीद सयानींची बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट आली, त्यांच्यानंतर अमीन सयानींनी ती चालवली. मागे बसलेल्यांपैकी अनेकांनी ती रेडिओला कान लावून ऐकली असेल. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम' सुरू झालं आणि कॉलेजच्या पोरांच्या जोड्या घराघरांत दिसू लागल्या. २००४ पासून टाटा क्रुसिबल आली, आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना आपल्या विषयाची, मोठ्या बक्षिसांची, शहराशहरांतून फिरणारी स्पर्धा मिळाली.

या सगळ्याच्या मध्ये, ३ जुलै २००० ला, 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं. त्या कार्यक्रमाने अनेकांच्या मनात वाचनाची इच्छा जागवली, हे मी मनापासून मान्य करतो. पण तेव्हापासून क्विझ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चार पर्याय आणि एकटा स्पर्धक येतो. कॉलेजातली क्विझ तशी नसते. तिथे पर्याय नसतात. दोघातिघांची टीम असते, आणि उत्तर कुणालाच सरळ ठाऊक नसलं तरी ते काढता येतं. पोरं अशा प्रश्नाला 'वर्केबल' म्हणतात. डोकं लावलं तर सुटतो, असा प्रश्न.

मागच्यांसाठी खेळाची रीत सांगतो. आधी प्रिलिम्स होते, म्हणजे सगळ्यांनी कागदावर उत्तरं लिहायची. त्यातून सहा-आठ टीम फायनलला स्टेजवर येतात. पूर्वी प्रत्येक टीमला स्वतःचा प्रश्न मिळायचा, मग कुणाच्या वाट्याला सोपा आणि कुणाच्या वाट्याला अवघड प्रश्न आला यावरून भांडणं व्हायची. त्यावर 'बाउन्स' आला. प्रश्न एका टीमपासून सुरू होतो, नाही आला तर पुढे सरकतो, आणि ज्या टीमने उत्तर दिलं तिच्या पुढच्या टीमपासून नवा प्रश्न सुरू होतो. त्यावर आता 'पाउन्स'ही असतो. आपली पाळी नसतानाही उत्तर लिहून द्यायचं, बरोबर आलं तर गुण, चुकलं तर गुण कापले जातात. बिझनेस स्कूलच्या मुलांना हा भाग फार आवडतो, कारण आपल्या खात्रीची किंमत आपणच लावायची असते. साठ टक्के खात्री आहे, समोरची टीम दहा गुणांनी पुढे आहे, धोका घ्यायचा का? वर्गात हे समीकरण फळ्यावर मांडतात. इथे अर्ध्या मिनिटात ठरवावं लागतं.

आता या मुलांचा दिवस कसा जातो ते बघा. एमबीएची दोन वर्षं, त्यातही तीन-तीन महिन्यांच्या टर्म. सकाळी केस, म्हणजे एखाद्या कंपनीची खरी हकिगत, वाचून जायची, वर्गात बोललात तर गुण. दुपारी ग्रुप असाइनमेंट, आणि ग्रुपमधला एक जण नेहमी गायब. पहिल्या वर्षात श्वास घेत नाही तोवर समर इंटर्नशिपच्या मुलाखती सुरू. जे कराल ते सीव्हीत बसतं का, हा विचार प्रत्येक गोष्टीला चिकटतो. अशा दिवसानंतर रात्री साडेदहा-अकराला हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये पंधरावीस पोरं जमतात आणि एक जण लॅपटॉप उघडून म्हणतो, "आज तीस प्रश्न आणलेत." त्या तीस प्रश्नांना कुणी ग्रेड देत नाही. मला या रात्रींविषयी अतिशय जिव्हाळा आहे. दोन वर्षांतलं सगळ्यात मोकळं शिक्षण तिथे होतं, असं मला वाटतं.

पण त्याच लॅपटॉपमधल्या प्रश्नांविषयी माझी तक्रार आहे. बहुतेक बिझनेस क्विझ लोगो, टॅगलाइन, कुणी कुणाला विकत घेतलं आणि नवा सीईओ कोण, एवढ्यातच फिरत राहते. ते पाठ करता येतं, आणि पाठ केलेलं पुढच्या वर्षी शिळं होतं. शिवाय तेच प्रश्न बंगळूरुला, तेच दिल्लीला, तेच इथे. इंटरनेटवरून उचललेले, जुन्या क्विझमधून घेतलेले. नागपुरात दोन वर्षं काढून गेलेल्या मुलाला विचारा, शहर कसं होतं? विमानतळ, हल्दीराम, ऊन आणि तर्री पोहे, एवढंच सांगतो. बाप्पा, ज्या शहरात देशातल्या उद्योगाचे काही थोर धडे घडले, तिथे दोन वर्षं व्यवस्थापन शिकून हे कसं चालेल?

एक प्रश्न घेऊ. मी तो असा विचारतो: "१ जानेवारी १८७७ ला दिल्लीत एक मोठा दरबार भरला. त्याच दिवशी मध्य प्रांतातल्या एका शहरात एक गिरणी सुरू झाली. कंपनीचं नाव लांबलचक होतं, सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. पण गिरणीला मालकाने दरबाराशी जोडलेलं छोटं नाव दिलं. ते कोणतं, आणि मालक कोण?"

तारीख कुणालाच पाठ नसते. पण टीममधला एक म्हणतो, १८७७ चा दरबार म्हणजे व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं तो. दुसरी म्हणते, सम्राज्ञी म्हणजे एम्प्रेस. तिसरा इथलाच असतो, तो उसळतो: एम्प्रेस मिल! मग मालक जमशेदजी टाटा हे ओघाने येतं. तिघांकडे तीन तुकडे होते, एकाकडेही उत्तर नव्हतं. वर्केबल म्हणजे हे.

उत्तर आलं की बहुतेक क्विझमास्तर पुढच्या स्लाइडवर जातात. मी म्हणतो, थांबा, खरा माल आता सुरू होतो. मुंबईचा माणूस गिरणी काढायला मुंबई सोडून नागपूरला का आला? १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली होती. कापूस इथे आजूबाजूला पिकत होता. कोळसा वरोऱ्याहून मिळणार होता. कच्चा माल जिथे आहे तिथे कारखाना, हे आज पहिल्या टर्ममध्ये आकृती काढून शिकवतात. जागा निवडली ती जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराच्या काठची. ती पाणथळ होती, भराव घालावा लागला. एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, हा माणूस सोनं मातीत घालतोय म्हणून. पुढे त्याच सावकाराने कबूल केलं की यांनी माती घातली आणि सोनं काढलं, असं सांगतात.

याच गिरणीत रिंग स्पिंडल, म्हणजे सूत कातायचं तेव्हाचं नवं यंत्र, भारतात फार लवकर आलं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या तेव्हा म्यूल या जुन्या यंत्रावर सूत काढत होत्या आणि पुढेही बराच काळ काढत राहिल्या. त्यांच्याकडे म्यूल चालवणारे तरबेज कामगार होते, यंत्रांत पैसा गुंतला होता, बारीक सूत म्यूलवर चांगलं निघायचं. नागपूरकडे यातलं जुनं काही सांभाळायचं नव्हतं, म्हणून इथे नवं यंत्र घेणं सोपं गेलं. जुन्या यशात अडकलेल्या कंपनीला नवी कंपनी कशी मागे टाकते, यावर तुम्ही अमेरिकन कंपन्यांच्या केस वाचता. वाचा, चांगल्या आहेत. पण त्याच विषयाची केस सीताबर्डीहून चालत जाण्याच्या अंतरावर घडली. आणि १८८६ मध्ये याच गिरणीत कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला होता. मनुष्यबळाचा तास घेणाऱ्या प्राध्यापकांनी एकदा वर्ग तिथे न्यावा, अशी माझी विनंती आहे.

दुसरा प्रश्न मला याहूनही आवडतो. एकच ट्यूब. ती औषध ठरली तर कर एक, सौंदर्यप्रसाधन ठरली तर दुसरा. अबकारी खातं म्हणतं प्रसाधन, कंपनी म्हणते आयुर्वेदिक औषध. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्या खटल्याच्या शीर्षकातच नागपूर आहे, कारण एक पक्ष इथल्या केंद्रीय अबकारी आयुक्तांचा होता. न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कंपनी कोणती? इथे एखादी आई मागच्या रांगेतून जाहिरातीचं गाणं गुणगुणते, कारण ते कॉस्मेटिक नाही हे त्या गाण्यातच होतं. विको! कंपनी पेंढारकरांची, आणि तिचा कारखाना आपल्या नागपुरातही आहे. मार्केटिंगवाल्याने जाहिरात ऐकायची, फायनान्सवाल्याने कराचा दर बघायचा, आणि दोघांनी मिळून ओळखायचं की हे दोन्ही एकाच धोरणाचे भाग आहेत. असा प्रश्न काढायला एखाद्या मुलाला दोन संध्याकाळी लागतील, निकालपत्र वाचावं लागेल. त्या दोन संध्याकाळींत तो जे शिकेल ते कुठल्याही स्लाइडवर मिळणार नाही.

हल्दीरामचंच घ्या. बिकानेरचं कुटुंब, त्याच्या शाखा नागपूर, दिल्ली, कोलकात्यात वेगळ्या वाढल्या, एकाच नावाने, वेगवेगळ्या मुलखांत. अलीकडे दिल्ली आणि नागपूरवाल्यांनी खाऊचा धंदा एकत्र आणला. कौटुंबिक व्यवसायाचे किती प्रश्न यात आहेत! मॉइल घ्या, मँगनीजच्या खाणींचा कारभार इथून चालतो. पोलादाला मँगनीज का लागतं इथपासून सुरुवात करा.

आता एक कडक गोष्ट. प्रश्न काढणाऱ्याने पडताळलंच पाहिजे. आपल्या झीरो माइलच्या दगडावर कितीतरी क्विझमध्ये प्रश्न येतो, 'भारताचा भौगोलिक मध्य कुठे?' आणि उत्तर 'नागपूर' देऊन टाळ्या घेतात. तिथे जाऊन बघा. तो दगड जी.टी.एस.चा, म्हणजे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, १९०७ चा बेंच मार्क आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची मोजायला तो आधार धरायचे. शेजारच्या खांबावर जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, रायपूर, चांदा, हैदराबाद इथली अंतरं कोरली आहेत. देशाच्या मध्याचा मुद्दा लोकांच्या अभिमानातून आला, आणि मलाही या शहराचा अभिमान आहे. पण 'हा दगड कशाची उंची सांगतो आणि त्या काळी सरकारला ती कशाला हवी होती', हा प्रश्न खरा आहे आणि जास्त रंगतो. कालवा, रेल्वे, रस्ता, सगळ्यालाच उंची लागते. व्हॉट्सअॅपवर आलेली गोष्ट क्विझमध्ये घालू नका. दोन स्वतंत्र ठिकाणी सापडली तरच घाला. उद्या कंपनीच्या बैठकीत तुमच्या आकड्यावर कुणीतरी कोट्यवधी रुपये लावणार आहे.

भाषेबद्दल थोडं बोलतो. क्विझ इंग्रजीत होते, त्याला माझी हरकत नाही. देशभरातली मुलं एकत्र आहेत. पण यवतमाळ, वर्धा, भंडाऱ्याहून मराठी माध्यमातून आलेली मुलं मला दरवर्षी शेवटच्या बाकावर दिसतात. उत्तर माहीत असतं, उच्चाराची भीती वाटते. कापसाच्या भावावर, जिनिंगवर, तेंदूपानाच्या लिलावावर या मुलांना जे ठाऊक आहे ते इतर कुणाला नाही. टीममध्ये चर्चा मराठीत, हिंदीत, कशातही होऊ द्या. उत्तर कुठल्याही भाषेत ग्राह्य धरा. आणि त्यांच्याकडून प्रश्न काढून घ्या. ज्या दिवशी अशा मुलीने काढलेल्या प्रश्नावर महानगरातून आलेली टीम अडकते, त्या दिवसानंतर ती मुलगी पुढच्या बाकावर येऊन बसते. हे मी बघितलं आहे, आणि बघताना मला फार आनंद झाला आहे.

शेवटी कॉलेजातल्या क्विझ क्लबच्या मुलांसाठी एक ठोस मागणी. वर्षातून एक क्विझ शहरासाठी खुली ठेवा, कॅम्पसच्या बाहेर, बसने येता येईल अशा ठिकाणी. टीम तिघांची: एक विद्यार्थी, एक पन्नाशीच्या पुढचा नागपूरकर, एक शाळकरी पोर. प्रश्न पहिल्या वर्षाच्या मुलांनीच काढायचे, निम्मे तरी विदर्भातल्या उद्योगांवर, शेतीवर, बाजारांवर. प्रत्येक प्रश्नाखाली तो कुठून मिळाला ते लिहायचं आणि सीनियरने तपासायचं. मागे बसलेल्यांपैकी कुणी गिरणीत, खाणीत, रेल्वेत, कळमन्याच्या बाजारात नोकरी-धंदा केला असेल, तर आज जाताना या मुलांना आपला फोन नंबर देऊन जा. त्यांना प्रश्न काढायला तुमच्याकडे यायचं आहे.