तबला, दळण आणि राउटर

[काकूंचे हात, तबला, जवळून. मूळ आवाज तसाच.]

तीनताल. सोळा मात्रा. काकू सांगलीत बसल्यात आणि लॅपटॉपवर जी मुलगी दिसतेय ती लंडनला, तिकडे सकाळचे ११ वाजलेत, इकडे दुपारचे साडेचार. काकू बोल देतात, मुलगी वाजवून दाखवते, मग काकू हात सुधारतात. दोघींनी एकत्र वाजवणं नेटवर जमत नाही, तेवढं अंतर राहणारच. पण आता हे बघा.

[स्क्रीनवर मुलीचा हात हवेत थांबलेला.]

हात वर गेला तो वरच राहिला. आवाज तुटला, मग चार बोल एकदम घाईघाईनं आले.

[जिना. खालची खोली, एडिटिंगचा पीसी, अपलोडची पट्टी.]

त्याच वेळी खाली हे चालू होतं. पुतण्याचं लग्नाच्या शूटिंगचं काम आहे, कालच्या लग्नाचं ४० जीबी फुटेज क्लाउडवर चढतंय, चार-साडेचार तास लागणार. घर एक, कनेक्शन एक, राउटर एक. सगळ्यांनी सांगितलं मोठा प्लॅन घ्या, यांनी घेतलाही, तरी तेच. कारण मोठी फाइल पाठवणाऱ्या टीसीपीचा, म्हणजे नेटवरून माहिती पाठवण्याच्या नियमांचा, स्वभावच असा आहे की जेवढी जागा मिळेल तेवढी भरायची, कुठेतरी पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, गळून पडेपर्यंत वेग वाढवतच राहायचं.

[दोन स्क्रीन शेजारी शेजारी, पिंगचे आकडे सरकतायत.]

डावीकडे अपलोड बंद आहे, पिंग, म्हणजे एक हाक जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, २० मिलिसेकंदाच्या आसपास. उजवीकडे अपलोड चालू आहे, ५०० च्या वर. स्पीड टेस्ट केली तर एमबीपीएस मस्त दिसतात, त्यामुळे घोळ कुठे आहे ते कळतच नाही. हिशोब सोपा आहे बघा: समजा घरातल्या नेटच्या डब्यात बाहेर जायची वाट बघणाऱ्या रांगेत १००० पॅकेट मावतात, बऱ्याच राउटरच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये वर्षानुवर्षं हाच आकडा होता, एकेक पॅकेट १५०० बाइटचं, म्हणजे दीड एमबी, एका बाइटचे ८ बिट धरून १२ मेगाबिट, आणि अपलोड २० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २० मेगाबिट. ती रांग रिकामी व्हायला ६०० मिलिसेकंद लागतात. काकूंची मध्यलय मिनिटाला १२० मात्रांची, एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. म्हणजे आवाजाचं पॅकेट अख्ख्या मात्रेपेक्षा जास्त वेळ घरातल्याच डब्यात उभं राहतंय, लंडनचा प्रवास तर अजून सुरूच झालेला नाही.

[गल्लीतली पिठाची गिरणी. डब्यांची रांग, उडणारं पीठ.]

ही गल्लीतली गिरणी आम्ही मुद्दाम शूट केली. एकाची पाच पोती गहू, त्याच्यामागे दोन किलो ज्वारी घेऊन उभी असलेली बाई. आधी आलेल्याचं आधी, असं धरलं तर ती दुपारपर्यंत उभी. पण गिरणीवाला काय करतो बघा, एका पोत्यानंतर तिचं दळण घेतो, पोतीवाल्याला फरक पडत नाही आणि बाई घरी जाते. राउटरला नेमकं हेच शिकवायचं असतं. दुसरी गोष्ट, पोती साठत चालली तर त्या माणसाला वेळेवर सांगायचं की बाबा, जरा सावकाश आण.

[जुन्या संगणकांची छायाचित्रं, नकाशा.]

हे आजचं दुखणं नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ, मधे फक्त ४०० यार्ड अंतर, आणि तिथला वेग ३२ केबीपीएसवरून चक्क ४० बिट प्रति सेकंदावर आला. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा माग काढला आणि टीसीपीला गर्दी ओळखायला शिकवलं, १९८८ चा त्यांचा पेपर त्यावरच आहे. पण ती ओळख पॅकेट पडण्यावर अवलंबून होती, आणि पुढे मेमरी स्वस्त झाली तशा कंपन्या डब्यात मोठाले बफर, म्हणजे पॅकेट थांबायच्या जागा, घालत गेल्या, पॅकेट पडू नये म्हणून. ते पडेचनात, मग पाठवणाऱ्याला गर्दी कळणार कशी? २०१० मध्ये जिम गेटिस या संगणक अभियंत्याला स्वतःच्या घरात हे सापडलं, बफरब्लोट, म्हणजे फुगलेले बफर, हे नाव त्यांनीच दिलं. २०१२ ला कॅथलीन निकोल्स आणि पुन्हा तेच जेकबसन, दोघांनी कोडेल ही रांग आटोक्यात ठेवायची पद्धत आणली: पॅकेट रांगेत ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबतायत आणि हे १०० मिलिसेकंद चालूच आहे, तर एखादं पॅकेट टाकून द्यायचं, पाठवणारा समजून जातो. त्याला प्रत्येकाची वेगळी रांग जोडली की झालं एफक्यू-कोडेल. आणि २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ मध्ये त्याचंच सुधारलेलं रूप, केक, आलं. डेव्ह टाट यांनी तर या एका गोष्टीसाठी कितीतरी वर्षं दिली, एप्रिल २०२५ मध्ये ते गेले. हे सगळं फुकट आहे, उघडं आहे, कुणीही वापरावं. म्हणूनच हा व्हिडिओ केलाय.

[राउटर हातात, मागची पोर्टं. मग लॅपटॉपचा स्क्रीन.]

जुन्या राउटरच्या क्यूओएसच्या, म्हणजे कुणाला आधी सोडायचं ते ठरवायच्या, पानावर काकूंच्या लॅपटॉपला "हाय" करून पाहिलं होतं, काही झालं नाही. कारण रांग राउटरमध्ये लागतच नव्हती, पुढच्या फायबरच्या डब्यात लागत होती, आणि त्या डब्याला काकू कोण हे माहीत नाही. म्हणून रांग आधी आपल्या हातात आणायची. या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं फुकट सॉफ्टवेअर टाकलंय. सॉफ्टवेअरच्या पानावरून एसक्यूएमचं, म्हणजे रांग सांभाळणारं, पॅकेज घेतलं, मग नेटवर्कमध्ये एसक्यूएम क्यूओएस. इंटरफेस बाहेर जाणारा निवडायचा, लॅनचा, म्हणजे घरातल्या जोडणीचा, नाही. आता हे दोन आकडे नीट बघा: घरात सगळं बंद असताना मोजलं तेव्हा डाउनलोड ४०, अपलोड २० एमबीपीएस भरलं होतं, आम्ही टाकतोय ३६००० आणि १८०००, केबीपीएसमध्ये. मुद्दाम दहा टक्के कमी, म्हणजे पुढच्या डब्यात रांग साठतच नाही. तेवढा स्पीड जातो, जाऊ द्या. क्यू डिसिप्लिनमध्ये केक, स्क्रिप्ट पीस ऑफ केक, लिंक लेअरमध्ये इथरनेट आणि ओव्हरहेड ४४, म्हणजे दर पॅकेटच्या वेष्टनाचे बाइट, हा आकडा थोडा जास्त झाला तर चालतो, कमी नको. हार्डवेअर ऑफलोडिंग चालू असेल तर बंद करा, नाहीतर पॅकेट बाजूनंच निघून जातात आणि एसक्यूएम नुसतं बघत बसतं. कुठलं ॲप मोठं, कुठलं छोटं, अशी यादी कुठेच भरली नाही, आजकाल सगळं एन्क्रिप्टेड असतं, त्या याद्या टिकत नाहीत. थोडं थोडं बोलणाऱ्याला केक आपणहून पुढे सोडतं, त्या ज्वारीवाल्या बाईसारखं.

[सेव्ह अँड अप्लाय. खाली अपलोड चालूच. पिंगचा आकडा खाली येतो.]

आता अपलोड रोज चालतं आणि क्लासही, सोडून गेलेल्या तीन मुलांपैकी दोघं परत आलीत.

[लंडनची मुलगी, तिहाई. काकू ताली धरतायत.]

इथून पुढे निवेदन नाही, समेपर्यंत ऐका.