फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह आलं म्हणजे पोरांनाही होणार का?

नमस्कार मंडळी. खाली कॉलेज रोडला वरात चाललीये, मध्येच बँड ऐकू येईल, सांभाळून घ्या.

मागच्या व्हिडिओखाली पुन्हा पुन्हा एकच प्रश्न येतोय. "ताई, वडिलांना सीएमएल, म्हणजे एका प्रकारचा ब्लड कॅन्सर, झालाय. रिपोर्टमध्ये फिलाडेल्फिया क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्र, पॉझिटिव्ह आहे. आम्हा भावंडांचीही टेस्ट करायची का?" आणि एकाने लिहिलंय की बहिणीचं जवळपास ठरलेलं स्थळ याच कारणावरून मोडलं. सिन्नरची मुलाकडची मंडळी म्हणाली, "घराण्याच्या गुणसूत्रातच दोष आहे." हे वाचलं आणि दुसरा विषय बाजूला ठेवून आज हाच घेतला.

बेसिक पटकन उरकते, दहावीत शिकलाय तुम्ही. पेशीत 46 गुणसूत्रं, 23 जोड्या. त्यावर जनुकं. झालं.

1960 साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सीएमएलच्या पेशींमध्ये एक वाजवीपेक्षा बारकं गुणसूत्र दिसलं. शहराचं नाव त्याला चिकटलं, बाकी त्या शहराचा काही दोष नाही. मग 1973 मध्ये शिकागोच्या जॅनेट राऊली यांनी दाखवलं की 22 नंबरच्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही, तो 9 नंबरला जाऊन बसलाय. पुढे कळलं की 9 चाही तुकडा 22 वर आलाय. अदलाबदल. त्या अदलाबदलीत दोन जनुकांचे तुकडे शेजारी येऊन बीसीआर-एबीएल नावाचं जोडजनुक तयार होतं, आणि ते पेशीला "वाढ, वाढ" एवढंच सांगत राहतं. या राऊलीबाई गुणसूत्रांचे फोटो घरी जेवणाच्या टेबलावर कात्रीने कापून जोड्या लावत बसायच्या. पोरं म्हणायची, आई कागदाच्या बाहुल्या खेळतेय.

आम्हीही लॅबमध्ये सुरुवातीला तेच केलंय, कात्री आणि डिंक. आणि स्लाइडवर पेशींचा थेंब वरून सोडायचा असतो, तो नीट फुटला तरच गुणसूत्रं सुटी पसरतात. एप्रिल-मेमध्ये नाशिकची हवा इतकी कोरडी की थेंब पडता पडता वाळायचा, सगळी गुणसूत्रं एकावर एक. मग स्लाइड आधी किटलीच्या वाफेवर धरायची. पावसाळ्यात किटली कपाटात. असो, विषयावर येते.

माझं दुखणं आहे एका शब्दाचं. इंग्रजीत "जेनेटिक" म्हटलं की मराठीत पेपरवाले सरळ "आनुवंशिक" छापतात. अहो, जनुकात बिघाड असणं वेगळं आणि तो बिघाड आईबापाकडून येणं वेगळं! कॅन्सर म्हटला की जनुकातला बिघाड आलाच. पण जन्मतः घेऊन आलेल्या बिघाडामुळे होणारे कॅन्सर शंभरात साधारण पाच ते दहा. बाकीच्यांत तो बिघाड माणूस जन्मल्यानंतर, वाढताना, म्हातारा होताना, कुठल्यातरी एका पेशीत घडतो. फिलाडेल्फियाचं तसंच आहे. अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथल्या, एका पेशीत अदलाबदल झाली, तिची पिल्लावळ वाढली.

पटत नाही? रिपोर्ट काढा. कॅरिओटाइपच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीच्या, ओळीत शेवटी चौकटी कंसात आकडे असतात. समजा आधी टी 9-22, म्हणजे 9 आणि 22 ची अदलाबदल, लिहून कंसात 17 आहे, मग तिरकी रेघ, मग साधं 46 एक्सवाय आणि कंसात 3. म्हणजे 20 पेशी मोजल्या, 17 बिघडलेल्या, 3 चांगल्या. बिघाड जन्मापासून असता तर या 3 चांगल्या आल्या कुठून? आता लगेच कॉमेंट येईल, "आमच्यात तर 20 च्या 20 बिघडल्यात!" येतात तशाही. त्याचा अर्थ मज्जा रोगाने भरलीये एवढाच. त्याच माणसाच्या कातडीच्या पेशी तपासल्या तर फिलाडेल्फिया मिळणार नाही.

अजून नाही पटत, तर बागेत चला. पिंपळगाव, दिंडोरीकडच्या मंडळींनी पाहिलं असेल, द्राक्षाचा सगळा वेल एकसारखा आणि एकाच फांदीला निराळे मणी, लांब किंवा वेगळ्या रंगाचे. फांदीच्या एका डोळ्यात बदल झाला. मुळात नाही, शेजारच्या फांदीत नाही. हे मी मागे सांगितलं तर एका बागायतदार काकांनी पकडलं मला: "ताई, त्या फांदीची काडी लावली तर अख्खा वेल तसाच येतो की!" काका, शंभर टक्के बरोबर, द्राक्षाच्या नव्या जाती अशाच तर निघाल्यात. पण माणसाची काडी लावत नाहीत ना! मूल होतं स्त्रीबीज आणि शुक्राणूपासून, मज्जेतल्या पेशीपासून नाही. बिघाड मज्जेत आहे, तिथेच राहतो.

म्हणून भावंडांची टेस्ट? नको. स्थळ मोडायचं? काही कारण नाही.

मुलाबाळांचा एक प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो कुणी विचारत नाही. तो गुणसूत्राचा नाही, गोळीचा आहे. इमॅटिनिब, 2001 पासून वापरात आलेलं औषध, नेमकं त्या बीसीआर-एबीएलचं तोंड बंद करतं. पूर्वी या आजारात लोक काही वर्षांत जायचे, आता गोळी घेऊन शेतात जातात, दुकान चालवतात. 2013 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने मूळ कंपनीला पेटंट नाकारलं, त्यामुळे इथल्या कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहिली. पण गर्भाला ही गोळी धोक्याची. सीएमएल असलेल्या बाईने मूल हवं असेल तर आधी रक्ताच्या डॉक्टरांशी बोलायचं. गोळी आपल्या मनाने बंदही करायची नाही, आजार उसळतो.

आईला, मावशीला, आजीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर, असं ज्यांच्या घरात आहे त्यांनी हा व्हिडिओ स्वतःला लावू नका. त्यामागचा बीआरसीए नावाच्या जनुकातला बिघाड खरंच पिढीतून येऊ शकतो, त्यावर वेगळं बोलू.

आणि काल रात्री रिपोर्टचा फोटो टाकलेल्या ताई, त्यात वडिलांचं नाव आणि मोबाईल नंबर दोन्ही दिसतंय. आधी ते काढा. मग नुसती ती कंसातली ओळ टाइप करून पाठवा, मी बघते.