सिटी कॉलेजची पोरं: न्यूयॉर्क, 1950

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात फी नव्हती. 1847 साली स्थापन झालेलं हे कॉलेज शहराच्या पैशावर चालायचं आणि तिथे प्रवेश मिळायचा तो गुणांवर. हार्लेमच्या टेकडीवर कॉलेजच्या दगडी इमारती होत्या, पण वसतिगृह नव्हतं. कामगारांची, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची, हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांची मुलं सकाळी सबवेने, म्हणजे भुयारी रेल्वेने यायची आणि संध्याकाळी सबवेनेच घरी जायची.

दुसरं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती. 1949 च्या हिवाळ्यात या कॉलेजचा बास्केटबॉल संघ मैदानात उतरला. त्यातले पाच जण लक्षात ठेवा. एड वॉर्नर आणि फ्लॉइड लेन हे दोघे कृष्णवर्णीय. एड रोमन, अल रॉथ आणि अर्विन डॅम्ब्रॉट हे तिघे ज्यू. डॅम्ब्रॉट शेवटच्या वर्षाला होता, बाकी चौघे दुसऱ्या वर्षाचे. त्या हंगामात एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. प्रशिक्षक होते नॅट होल्मन, स्वतः एकेकाळचे नावाजलेले खेळाडू, शिस्तीला कडक.

हंगाम बरा गेला, फार थोर नाही. 17 सामने जिंकले, 5 हरले. देशातल्या पहिल्या वीस संघांच्या यादीत सिटीचं नावही नव्हतं.

तेव्हा कॉलेज बास्केटबॉलच्या दोन मोठ्या स्पर्धा होत्या, एनआयटी आणि एनसीएए. एनआयटीत बारा संघ, एनसीएएत आठच. सिटीला एनआयटीचं आमंत्रण आलं. पहिल्याच सामन्यात त्यांनी आदल्या वर्षीच्या विजेत्या सॅन फ्रान्सिस्कोला 65-46 असं हरवलं. पुढे होता केंटकी विद्यापीठाचा संघ.

या सामन्यापाशी थोडं थांबायला हवं. केंटकीने आधीच्या दोन्ही वर्षी एनसीएए जिंकली होती. त्यांचे प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप म्हणजे कॉलेज बास्केटबॉलमधलं सर्वांत वजनदार नाव. त्यांचा संघ संपूर्ण गोरा होता आणि पुढची वीस वर्षं तसाच राहणार होता. सामन्याआधी सिटीच्या मुलांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, तेव्हा केंटकीच्या काही खेळाडूंनी तोंड फिरवलं, असं सिटीच्या खेळाडूंनी पुढे सांगितलं. मग चेंडू उडाला. वॉर्नर केंटकीच्या सात फुटी स्पिव्हीच्या अवतीभवती फिरत, हुलकावण्या देत बास्केट करत राहिला. शेवटी फलक होता सिटी 89, केंटकी 50. रप यांच्या साऱ्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा पराभव.

उपांत्य फेरीत ड्यूकेन. त्यांच्याकडून चक कूपर खेळत होता. एनबीएच्या संघाने निवडलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून त्याच वर्षी त्याचं नाव इतिहासात जाणार होतं. सिटीने हा सामना 62-52 असा घेतला. 18 मार्चला अंतिम सामना, समोर देशातला पहिल्या क्रमांकाचा संघ, इलिनॉयमधल्या पिओरियाचा ब्रॅडली. होल्मन अंगात ताप असताना बाकावर बसले होते. सिटी 69, ब्रॅडली 61.

लगोलग एनसीएए. ओहायो स्टेटला एका गुणाने, नॉर्थ कॅरोलिना स्टेटला पाच गुणांनी हरवून संघ पुन्हा अंतिम फेरीत आला. 28 मार्च 1950. एनआयटी झाली तेच न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन आणि समोर पुन्हा ब्रॅडलीच. सिटीच्या नॉर्म मेगरच्या कपाळाला पहिल्याच सत्रात खोक पडली. टाके घालून तो परत मैदानात आला. शेवटच्या काही सेकंदांत सिटीकडे एका गुणाची आघाडी, 69-68. ब्रॅडलीचा जीन मेल्किओर, उंचीने सगळ्यांत लहान आणि पायांनी सगळ्यांत चपळ, चेंडू घेऊन थेट बास्केटकडे घुसला. डॅम्ब्रॉटने त्याच्या हातातला चेंडू हिसकला आणि लांब फेकला. पुढे मोकळा होता मेगर, टाके पडलेला तोच मेगर. 71-68.

एकाच वर्षी दोन्ही स्पर्धा जिंकणारा हा एकमेव संघ. पुढे नियमच असे झाले की एका संघाला दोन्हीकडे खेळता येत नाही, म्हणून हा पराक्रम आता कुणाला करताही येणार नाही. टेकडीवर विद्यार्थी रस्त्यावर उतरून नाचले. फी न घेणाऱ्या कॉलेजने अख्ख्या देशाला हरवलं होतं.

पुढचं सांगताना जीव तुटतो, पण ते गाळून ही गोष्ट सांगणं म्हणजे या मुलांवरही अन्याय आहे.

गार्डनच्या गॅलरीत सट्टा उघडउघड चालायचा. कोण जिंकेल यावर नव्हे, किती गुणांनी जिंकेल यावर. बुकी म्हणायचा, सिटी आठ गुणांनी जिंकेल. सिटी पाचनेच जिंकली, तर सिटीवर पैसे लावणारे बुडाले आणि विरुद्ध लावणाऱ्यांचं फावलं. आपल्याकडच्या नूरा कुस्तीत निदान एकाला पाठ टेकवावी लागते, इथे तेही नको. दलाल पोरांना एवढंच सांगायचे: हरू नका रे, फक्त थोडं कमी फरकाने जिंका. एकोणीस-वीस वर्षांच्या, खिसा रिकामा असलेल्या मुलाला यात पाप कुठे दिसणार? एका सामन्यामागे हजार, दीड हजार डॉलर हातात पडत.

जानेवारी 1951 मध्ये शेजारच्या मॅनहॅटन कॉलेजचा कृष्णवर्णीय खेळाडू ज्युनियस केलॉग याला एक हजार डॉलर देऊ केले गेले. त्याने ते नाकारले आणि आपल्या प्रशिक्षकांना सांगितलं. त्या एका नकारातून सगळा धागा उलगडत गेला. फेब्रुवारीत सिटीचा संघ फिलाडेल्फियात टेम्पल विद्यापीठाच्या संघाला हरवून रेल्वेने परतत होता. न्यूयॉर्कला उतरताच सरकारी वकील फ्रँक होगन यांच्या माणसांनी वॉर्नर, रोमन आणि रॉथ यांना ताब्यात घेतलं. काही दिवसांनी लेनची पाळी आली. जवळजवळ तीन हजार डॉलर त्याने घरातल्या फुलझाडाच्या कुंडीत लपवले होते. त्यातले मोजकेच खर्च झाले होते. डॅम्ब्रॉट आणि मेगरही सुटले नाहीत. विजयाच्या हंगामातलेही काही सामने त्यात निघाले.

केंटकीत रप म्हणाले होते, सट्टेवाले माझ्या पोरांना दहा फुटी काठीनेही शिवू शकणार नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जुन्या खेळाडूंना अटक झाली आणि 1952-53 मध्ये केंटकीला संपूर्ण हंगाम बंद ठेवावा लागला. ब्रॅडलीचा मेल्किओर 1951 च्या एनबीए निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडला गेला होता. तो तिथे एकही सामना खेळला नाही. सात कॉलेजांच्या बत्तीस खेळाडूंनी कबुली दिली.

मुलांनी पैसे घेतले, यात शंका नाही. पण तिकिटांचा गल्ला कोण मोजत होतं? सिटी कॉलेजच्या स्वतःच्या चौकशीत तर असंही निघालं की काही खेळाडूंना प्रवेश मिळावा म्हणून त्यांचे शाळेतले गुण बदलले होते. हा खोडसाळपणा काही विशीतल्या मुलांनी केला नव्हता. सूत्रधार जवाहिऱ्या साल्वातोरे सोलाझो आठ ते सोळा वर्षांसाठी तुरुंगात गेला. वॉर्नरला सहा महिन्यांची कैद झाली. एनबीएचं दार मात्र सगळ्यांनाच कायमचं बंद झालं. होल्मन निलंबित झाले, पण पुढे त्यांना त्यांची जागा परत मिळाली.

रोमनने मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि शाळकरी मुलांसोबत काम केलं. डॅम्ब्रॉट दंतवैद्य झाला. लेन ब्रॉन्क्सच्या मैदानांवर पोरांना खेळ शिकवू लागला. त्या पोरांतला एक, नेट आर्चिबाल्ड, पुढे एनबीएचा मोठा खेळाडू झाला. 1974 मध्ये सिटी कॉलेजला बास्केटबॉलचा प्रशिक्षक हवा होता. त्यांनी फ्लॉइड लेनला बोलावलं आणि तो आला.