एकतीस म्हातारे आणि तीन हत्ती

नमस्कार, श्रोतेहो.

पश्चिम फ्रान्समध्ये सांतोंज नावाचा जुना प्रांत आहे. तिथल्या ओने गावाच्या कडेला, कबरींच्या गराड्यात, संत पीटरचं चर्च उभं आहे. बाराव्या शतकातलं, रोमनेस्क शैलीचं, म्हणजे जाड भिंती आणि अर्धगोल कमानींचं. स्पेनमधल्या सांतियागोला पायी निघालेले यात्रेकरू या वाटेने जात. आपणही थांबू या, पण दक्षिणेकडच्या दाराबाहेरच. आत शिरायची घाई नको.

फ्रान्समधल्या पुष्कळ रोमनेस्क चर्चमध्ये दाराच्या वर, कमानीच्या पोटात, अर्धगोल दगडी फलक असतो आणि महत्त्वाचं शिल्प त्याच्यावर कोरलेलं असतं. सांतोंजमध्ये बहुतेक ठिकाणी हा फलकच नाही. नुसत्या कमानी, एकीत एक बसवलेल्या. ओनेच्या या दाराला अशा चार आहेत. मग कोरायचं कुठे? कमानीच्याच दगडांवर! कमानीचा दगड पाचरीसारखा निमुळता असतो. एका दगडावर एक आकृती, पाय आतल्या बाजूला, डोकं बाहेरच्या. सगळे दगड बसले की आकृत्या सूर्याच्या किरणांसारख्या फाकतात. इथला चुनखडीचा दगडही मदतीला येतो. खाणीतून निघतो तेव्हा मऊ, हवा लागली की टणक.

आता तिसरी कमान बघा. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात देवाच्या सिंहासनाभोवती चोवीस वृद्ध बसलेले आहेत. डोक्यावर मुकुट, हातात वाद्य आणि सुगंधी धूपाचं पात्र. ओनेला ते मोजले तर भरतात 31. सात जास्तीचे आले कुठून? मला तरी यात पाथरवटाचा हिशेब दिसतो. कमान जितकी बाहेरची तितकी मोठी, आणि दगड तितके जास्त. आता प्रत्येक दगडाला एक म्हातारा द्यायचा म्हटल्यावर चोवीसात कसं भागणार? जवळच्या सांत शहरात तर एका मठाच्या दारावर हेच म्हातारे पन्नासच्या वर गेलेत. एखाद्या धर्मगुरूने ते मोजून कपाळाला आठ्या घातल्या असतील का, कोण जाणे.

ओनेच्या या तिसऱ्या कमानीच्या आतल्या बाजूच्या कमानीवर संतमंडळी आहेत. त्यांचा भार पेलायला खाली उकिडवी बसलेली माणसं. आणि सगळ्यात बाहेरच्या कमानीवर नुसता धिंगाणा: चित्रविचित्र प्राणी, राक्षस, आणि त्यांच्यात वाद्य वाजवणारं एक गाढव.

आता आत चला. एका स्तंभशीर्षावर, म्हणजे खांबाच्या माथ्यावर, बायबलमधल्या सॅमसनला, ज्याचं सगळं बळ केसांत होतं त्याला, बांधून भल्यामोठ्या कात्रीने त्याचे केस कापणं चाललंय. दुसऱ्यावर तीन हत्ती. सोंडा आहेत, पण कान अगदी इवलेसे. आपल्यापैकी कुणालाही बघून हसू येईल. कोरणाऱ्याने हत्ती पाहिला नसावा, आणि बघणाऱ्यांनी तर नसणारच. म्हणून वर लॅटिनमध्ये चक्क पाटी कोरली आहे: ‘हे हत्ती आहेत.’

बाहेरच्या गाढवाला मात्र पाटीची गरज पडली नाही.